कौतिक जीजींच्या घरची शांतता

"पुन्हा लावजो," द्वारकाबाई फोनवर म्हणाल्या.

शनिवारची सकाळ होती आणि कार्यक्रम थेट चालू होता. मी ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. एका घरातली एक मिनिटाची शांतता. लंगडत चालणारं भिंतीवरचं घड्याळ, पारव्यांची घुमघुम, लांबवर कुठेतरी शेतातली मोटार. मिनिट संपलं. फोनमधून द्वारकाबाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"ओळखलं का घर?" मी विचारलं.

"मले रेडिओवरून काढ," त्या म्हणाल्या. "तुह्याशी बोलायचं आहे."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी सामुदायिक रेडिओवर कामाला लागले होते. केंद्र लहान होतं. कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या, गच्चीवर मनोरा आणि केंद्रप्रमुख नेहेते सर. पण नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत आमचा आवाज पोचायचा. 'सकाळचं अंगण' नावाचा माझा कार्यक्रम होता. कुणाकडे केळीची कापणी चालू आहे, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, असं बोलत बोलत मी गाणी लावायची. भाद्रपदाची पौर्णिमा आली की महिनाभर भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची गाणी. ती मी गावोगाव फिरून बायकांच्या तोंडून टिपून आणायची.

गाणं संपलं की मी सगळ्यांना गप्प बसायला सांगायची आणि त्या घराची नुसती शांतता टिपायची. कामाची ती पद्धतच आहे. गाण्यात कुठे जोड द्यायची वेळ आली तर त्या घरचीच शांतता लागते, दुसऱ्या घरची चालत नाही. बायका हसायच्या. ही पोरगी गाणं तर नेतेच, वर आमचं गप्प बसणंही नेते, म्हणायच्या.

या शांतता ऐकता ऐकता मला एक खेळ सुचला. भुलाबाईची गाणी झाली की पोरी खिरापतीचा डबा हलवतात आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं असतं. तसंच मी दर शनिवारी एका घराची शांतता लावायची आणि ऐकणाऱ्यांनी फोन करून घर ओळखायचं. कार्यक्रमाच्या शेवटी उत्तर. ज्याचं बरोबर, त्याच्या फर्माइशीचं गाणं. खेळ इतका चालला, की लोक एकमेकांच्या घरी गेल्यावर नळ गळतो का, पंखा कुरकुरतो का, हे ऐकून ठेवू लागले.

त्यात द्वारकाबाई फेगडे यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकट्या राहायच्या, रेडिओ दिवसभर चालू. त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. गाणी टिपायला मी सगळ्यांत आधी त्यांच्याच घरी गेले होते आणि पुढे जातच राहिले. त्या मला भरीत-भाकरी खाऊ घालायच्या. त्यांच्या घरात भिंतीवर थोरल्या मुलीचा फोटो होता, हार घातलेला. उज्ज्वला. घरात उजी. तिने सासरहून निघून तापीत उडी घेतली होती. पुलाच्या कठड्यापाशी चपला सापडल्या, देह सापडला नाही. एवढंच मला माहीत होतं. द्वारकाबाई तिच्याबद्दल बोलायच्या नाहीत आणि मी विचारलं नव्हतं.

मी एक लांबलचक गाणं लावलं आणि फोन कानाला घेतला.

"घर मी नही ओळखलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण मागं गुणगुणते ना, ते आमची उजी आहे."

शांततेत कुणी गुणगुणतंय, हेच मला माहीत नव्हतं. मी त्यांना थांबायला सांगितलं, हेडफोन घातले, घड्याळाचा आणि मोटारीचा आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला आणि उरलेला वाढवला. पारव्यांच्या आवाजाखाली एक बाई खरोखर गात होती. अगदी हळू, बहुधा आतल्या खोलीत, हात कामात असताना गावं तशी.

ही शांतता टिपली त्या दिवशी काय झालं होतं, ते मला आठवलं. मी कौतिक जीजींच्या घरी होते. जीजी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, नदीपलीकडच्या गावात राहणाऱ्या. पाणी भरायला गेलेल्या मुलीचं एक गाणं त्या गात होत्या. एकेक घागर भरते, शेवटच्या ओळीत मुलगी घरी परतते. ती शेवटची ओळ जीजींना आठवेना. राहू द्या म्हणून मी त्यांना गप्प बसायला सांगितलं आणि शांतता टिपली. आत जे कोण होतं, त्याने त्या शांततेत राहिलेली ओळ पुरी केली होती.

तरी मी स्वतःला आवरलं. गेलेल्या माणसाचा आवाज कुठेही ऐकू येतो, हे मला कळत होतं.

"कशावरून उजी?" मी विचारलं.

"शेवटची ओळ वर जाते."

हे गाणं मी नऊ-दहा गावांत टिपलं होतं. सगळीकडे शेवटच्या ओळीला चाल खाली येते, डोक्यावरची घागर उतरवून ठेवावी तशी. द्वारकाबाईंनी मात्र मला ते गाणं कधी दिलं नव्हतं. मला येत नही, असं म्हणून टाळायच्या.

"मी लहानपणापासून ते चुकीचं म्हणते," त्या म्हणाल्या. "बाया हसायच्या मले. उजी माह्यापासून शिकली, म्हणून तेही तसंच म्हणे. दुसरं कोणी नही म्हणत तसं."

"म्हणून दाखवा."

त्यांनी फोनवर शेवटची ओळ म्हटली. आवाज खाली यायच्या जागी वर चढला आणि तिथेच सुटला. मी हेडफोनमधून पुन्हा दुसरा आवाज ऐकला. तोही त्याच जागी चढत होता, त्याच जागी सुटत होता. मी दोन्ही परत परत ऐकलं.

काचेपलीकडून नेहेते सर गाणं संपत आल्याची खूण करत होते. मी माइक उघडला. तोवर शिंपीकाम करणाऱ्या प्रल्हादभाऊंचा फोन येऊन थांबला होता. त्यांच्या मते ते पोस्टमास्तरांचं घर होतं. पोस्टमास्तर कुणाला घरात घेत नाहीत, म्हणून इतकी शांतता. मी हसायचा प्रयत्न केला. उत्तर पुढच्या शनिवारी सांगते म्हणाले आणि कार्यक्रम संपवला.

"आता शांततासुद्धा क्रमशः का?" नेहेते सर म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं पोलिसांना कळवावं. एखादीला डांबून ठेवलं असेल तर आपण मध्ये पडू नये. मलाही तेच वाटत होतं, पण द्वारकाबाईंनी एक अट घातली होती. आधी मी माझ्या डोळ्यांनी बघते, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

दुपारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी निघाले. पुलावर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली आणि तोंड माझ्या पाठीला टेकवलं.

कौतिक जीजींचं घर गावाच्या टोकाला, केळीच्या बागेला लागून होतं. ओट्यावर जोंधळ्याच्या ताटांच्या मखरात भुलाबाई बसवली होती. जीजी मला बघून उठल्या. "राहिलेली ओळ न्यायला आलीस का?" म्हणाल्या. तेवढ्यात माझ्या मागून द्वारकाबाई पुढे आल्या आणि जीजींचं हसू गेलं. त्या दोघी एकमेकींना ओळखत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं.

"सिस्टर," द्वारकाबाई म्हणाल्या, "आत कोण आहे?"

"माझी भाची. सुरतेची. तिला बरं नाही."

द्वारकाबाईंनी वाद घातला नाही. त्या ओट्यावर बसल्या, पदर सारखा केला आणि ते गाणं म्हणू लागल्या. घागरीमागून घागर. शेवटच्या ओळीपाशी येऊन त्या थांबल्या.

आतून काही आलं नाही. लंगडं घड्याळ तेवढं चालू होतं. मी जीजींकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग दाराची कडी वाजली. कडी आतून लावलेली होती. पुढे मी पुष्कळदा त्या कडीचा विचार केला.

फोटोतली मुलगी बाहेर आली. केस बारीक कापलेले, डावा हात कोपरापाशी चुकीचा जुळलेला. द्वारकाबाई उठल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

उजी मागे सरकली आणि जीजींच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"काहून आली तू?" ती म्हणाली.

"उजे, तू जित्ती आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी तुहा दहावा केला व माय."

"माहीत आहे मले."

"मंग मले कळवलं काहून नही? एक शब्द."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, सासरच्यांना कळेल अशी भीती असेल. ती माझ्याकडे वळली. माझ्याशी मात्र तिचा स्वर अगदी साधा होता.

"सासरच्यांचं नही, ताई. त्यांनी त शोधलं बी नही. मले आईचं भ्याव होतं."

मी द्वारकाबाईंकडे बघितलं. त्या हे नाकारतील, चिडतील, रडतील, असं मला वाटलं. त्या हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या.

"मी पळून आली की आई मले ठेवून घे," उजी सांगत होती. "हाताले तेल लावे. पोटभर खाऊ घाले. रडे बी माह्यासोबत. अन् दोन दिवसांनी नवी साडी नेसवून मले घेऊन निघे. बसमध्ये खिडकीजवळची जागा देई. मंग त्यांच्या दारात हात जोडून उभी राही, पोरगी चुकली म्हणे, सांभाळून घ्या. मारायचे ते मारायचे, ताई. पोचवायले हेच येई."

घड्याळाचे ठोके मला मोठे मोठे ऐकू येऊ लागले.

"धाकटीचं लगन व्हायचं होतं," द्वारकाबाई शेवटी म्हणाल्या.

"झालं?"

"झालं."

"बरं झालं," उजी म्हणाली. तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच बरं वाटलं असावं आणि तेच ऐकवत नव्हतं.

मग जीजी बोलल्या. उजीच्या सासरच्या गावीच त्यांचा दवाखाना होता. हात मोडून ती आली तेव्हा तो जीजींनीच बांधला होता; द्वारकाबाई लेकीला बघायला तिथे आल्या होत्या, ओळख तेव्हाची. पुन्हा वेळ आली तर आईकडे जाऊ नकोस, माझ्याकडे ये, असं तिला तेव्हाच सांगितलं होतं. चपला उजीने स्वतः पुलावर काढून ठेवल्या होत्या आणि अनवाणी पलीकडे चालत आली होती. या गावात ती सुरतेची शोभा. उजीच्या सासर-माहेरच्या लोकांची या काठावर सोयरीक नसल्यामुळे कुणी ओळखणारं नव्हतं.

"नवऱ्यानं दुसरी केली," जीजी म्हणाल्या. "ही जिवंत आहे असं निघालं तर सगळं त्याच्यावर उलटेल. तो काय करू शकतो, ते मी दवाखान्याच्या टेबलावर बघितलेलं आहे. आणि तुमचा रेडिओ त्यांच्या घरीही लागतो, पोरी."

सगळ्या गावांत ऐकू जावं म्हणून मनोऱ्यावरच्या अँटेनाची दिशा मी स्वतः मोजून बसवून घेतली होती.

"या घराचं नाव सांगू नका, ताई," उजी म्हणाली. मग जीजींच्या खांद्यावरून तिने आईकडे बघितलं. "अन् तू येऊ नको."

द्वारकाबाईंनी हात खाली घेतले. जाताना त्या भुलाबाईच्या मखरासमोर जरा थांबल्या, जोंधळ्याचं एक कललेलं ताट सरळ केलं आणि स्कूटरवर येऊन बसल्या.

परतताना पुलाच्या मध्यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. उतरल्या नाहीत. कठड्याकडे बघत राहिल्या.

"पुढच्या शनिवारी काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ध्वनिमुद्रण खराब निघालं म्हणून सांगेन.

"कोणी विश्वास नही ठेवणार. प्रल्हाद त आठवडाभर विचारत फिरेल. ज्याले ऐकू गेलं असेल, तो आणखी कान देईल. लोकांले उत्तर पाहिजे असतं."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. बुधवारी केंद्रात एका माणसाचा फोन आला. त्याने नाव सांगितलं नाही. शनिवारची शांतता कुठल्या गावची, विचारलं. मी खेळाचा नियम सांगितला. मग तो म्हणाला, मागं एक बाई गात होती, ती कोण? मला तसं काही ऐकू आलं नाही, म्हणाले. शनिवारी ऐकू, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर मी दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. नेहेते सरांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की तिथे कुणाला डांबलेलं नाही, पोलिसांची गरज नाही. त्यांनी एकदा विचारलं आणि मग सोडून दिलं.

शनिवारी मी बोलायला घेतलं तेव्हा काय सांगायचं हे माझंच ठरलेलं नव्हतं. खराब ध्वनिमुद्रणाचं वाक्य जिभेवर होतं. ते मी बोलणार तोच पहिला फोन आला.

"मी द्वारकाबाई फेगडे," फोनमधून आवाज आला. रेडिओवर बोलताना त्या नेहमी पूर्ण नाव सांगायच्या. "मागच्या शनिवारचं उत्तर द्यायचं आहे."

मी फोन तोडायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"सांगा," मी म्हटलं.

"ते घर माह्यं आहे."

काचेपलीकडे नेहेते सरांनी मान वर केली. ध्वनिमुद्रणाच्या फितीवर गावाचं नाव त्यांच्याच अक्षरात होतं.

"तू गाणी टिपायले आली व्हती, तव्हाचं," द्वारकाबाई बोलत राहिल्या. त्यांचा आवाज शांत होता, थोडा चेष्टेचाही. "आता प्रल्हाद म्हणेल, द्वारकाबाईच्या घरात घड्याळ कुठं आहे. घड्याळ मी धाकटीले देऊन टाकलं. लंगडं घड्याळ आईनं आपल्याच पोरीले द्यावं, दुसरं कोण घेतं? अन् मी तुले म्हटलं गाणं येत नही, ते बी खोटं. तू गप्प बसायले सांगितलं, अन् मी आत चुलीपाशी गेली, तव्हा तोंडातून निघालं. मागं गुणगुणते, ते मीच आहे. ऐकायचं आहे का?"

माझ्या उत्तराची वाट न बघता त्या गाऊ लागल्या. संपूर्ण गाणं म्हटलं, एकही घागर न वगळता. त्यांचा आवाज आता थकलेला होता, पण घडण तीच होती. शेवटची ओळ आली. जिथे नऊ-दहा गावांतल्या बायकांचा आवाज खाली उतरतो, तिथे त्यांचा वर गेला आणि सुटला.

"हे आमच्या घरची चूक आहे," त्या म्हणाल्या. "माह्याशिवाय आता दुसरं कोणी करत नही."

स्टुडिओत यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मला नदीपलीकडचं ते घर दिसत होतं. तिथेही रेडिओ चालू असणार. आणि आणखी कुठल्याशा घरात तो माणूसही कान देऊन बसला असणार.

आयुष्यभर मोजमाप शिकलेली मी, माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "बरोबर."

नेहेते सरांनी मान खाली घातली आणि समोरचे कागद जुळवायला घेतले.

"द्वारकाबाई, तुम्ही जिंकलात," मी म्हटलं. "फर्माइश सांगा. कुठलं गाणं लावू?"

"गाणं नको," त्या म्हणाल्या. "माह्या घरची शांतताच लाव पुन्हा."

मी लावली. लंगडं घड्याळ, पारवे, लांबवरची मोटार. या वेळी मी कुणाला विचारलं नाही आणि तो आतला आवाज थोडा वाढवला. फोन मी बंद केला नव्हता. त्यातून द्वारकाबाईंचा श्वास येत होता. उजीची ओळ वर चढली तशी तो थांबला आणि ओळ सुटल्यावरही काही वेळ थांबलेलाच राहिला.

मिनिट संपलं. नेहेते सरांनी काचेतून पुढचं गाणं लावायची खूण केली. मी हात वर करून त्यांना थांबा म्हटलं.